गावाची आठवण : मोह की ऋण?

मनुष्याचे वय उताराला लागले की त्याच्या बोलण्यात "आमच्या वेळी" हे दोन शब्द वरचेवर येऊ लागतात. ऐकणारी तरुण मंडळी ते सोसून घेतात, आणि आपण काही गैर बोलत आहोत असे बोलणाऱ्यालाही वाटत नाही. गेलेल्या काळाची आठवण ही निरुपद्रवी गोष्ट आहे, तिच्यापायी कुणाचे काही जात नाही, असा सर्वसाधारण समज आहे. आमचाही तसाच होता. गेल्या नवरात्रात देवासला जाऊन आल्यापासून मात्र त्या समजुतीला तडा गेला आहे, आणि ज्या प्रश्नाने तो गेला तो वाचकांपुढे मांडावा एवढाच या लेखाचा हेतू आहे. प्रश्न असा : आपल्या जुन्या गावाची जी गोड आठवण आपण काढतो ती खरी असते काय? आणि ती पुरती खरी नसेल, तर तशी आठवण काढण्यात आपल्या हातून कुणाचा अपराध घडतो काय?

आमचे बालपण देवासात गेले. ज्यांना हे गाव ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगणे अवश्य आहे. पहिल्या बाजीरावाच्या काळी माळव्यात उतरलेल्या मराठी सरदारांत पवार घराण्यातील अनेक पुरुष होते. त्यांच्यापैकी एका शाखेने धार संस्थान स्थापिले, तर तुकोजी व जिवाजी या दोन भावांच्या वंशजांनी देवास येथे दोन गाद्या चालविल्या, एक थोरल्या पातीची व एक धाकट्या पातीची. गाव एक आणि राजे दोन, असा हा विलक्षण संसार 1948 साली दोन्ही संस्थाने मध्य भारतात विलीन होईपर्यंत टिकला. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर 1912-13 च्या सुमारास प्रथम येथे आले व 1921 साली थोरल्या पातीच्या महाराजांचे चिटणीस म्हणून काही महिने राहिले. त्या दिवसांचे वर्णन त्यांनी 1953 साली प्रसिद्ध केलेल्या 'द हिल ऑफ देवी' या पुस्तकात केले आहे. पुस्तकाच्या नावातील टेकडी ती देवासचीच. तिच्यावर तुळजाभवानी व चामुंडा अशा दोन देवी आहेत. लोक त्यांना बहिणी मानतात, आणि थोरलीला 'बडी माता', धाकटीला 'छोटी माता' म्हणतात. दोन पात्यांच्या गावाला दोन बहिणींची टेकडी मिळावी, हा योगायोग आम्हाला लहानपणी फार आवडे.

दरबारच्या आश्रयाने पुष्कळ मराठी घरे तेथे स्थिरावली होती. कुणी दप्तरात कारकून, कुणी शाळेत मास्तर, कुणी वैद्य, कुणी पुजारी. आमचे आजोबा थोरल्या पातीच्या दप्तरात होते. आमच्या जन्मापूर्वीच संस्थान गेले होते, तरी घरात त्याची सावली होती. भिंतीवर महाराजांची तसबीर होती, आणि आजी कोणत्याही थोर गोष्टीला "दरबारी" हेच विशेषण लावीत असे. पहाटे टेकडीवरच्या घंटेने जाग येई. मीठा तलावाच्या काठी पोरांचा गलका चाले. नवरात्रात पायऱ्यांवरून माणसांची रांग रात्रभर सरकत राही, आणि आम्ही मुले चढताना किती पायऱ्या झाल्या हे मोजून उतरताना पुन्हा मोजीत असू, आणि दोन वेळचा आकडा कधी जुळत नसे. स्टेशनावर जो टांगा ठरलेला असे त्याच्या घोड्याचे नाव मोती. सुटीच्या दिवशी डाळ-बाफल्यांचा बेत होई. गणपतीत घरोघरच्या आरत्या एकमेकींत मिसळून जात.

त्याच गावात 1948 साली बेळगाव जिल्ह्यातील सुळेभावी येथे जन्मलेला एक तरुण गायक क्षयाने जर्जर होऊन कोरड्या हवेसाठी राहावयास आला. शिवपुत्र कोमकळी हे त्याचे नाव, जग त्याला कुमार गंधर्व म्हणून ओळखते. डॉक्टरांनी गाणे मना केलेल्या त्या वर्षांत अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांनी माळव्यातील बायकांची गाणी व नाथपंथी भजने ऐकली, आणि पुढे बरे झाल्यावर आपल्या गाण्यात त्यांना जी जागा दिली ती सर्वश्रुत आहे. टेकडीच्या पायथ्याशी त्यांनी 'भानुकुल' हे घर केले व 1992 साली देह ठेवीपर्यंत ते देवासचेच राहिले. शाळेला जाता येता आतून तंबोऱ्याचा नाद येई आणि आमची पावले आपोआप हळू पडत. स्वच्छ हवा, गोड पाणी, सोज्ज्वळ माणसे व वर देवीची टेकडी : देवास म्हटले की हे चित्र आमच्या डोळ्यांपुढे उभे राहते. साठ वर्षे आम्ही ते असेच जपून ठेवले होते.

या चित्राला पहिला धक्का अगदी अनपेक्षित दिशेने लागला. आमचे एक आतेभाऊ, आम्ही त्यांना दादा म्हणतो, देवासातूनच डॉक्टर होण्यासाठी बाहेर पडले व साठच्या दशकात इंग्लंडला गेले. मँचेस्टरजवळच्या ओल्डहॅम या गिरणगावात, छातीच्या विकारांच्या इस्पितळात, त्यांची उमेद गेली. आता ते नव्वदीकडे झुकले आहेत. आम्ही दूरध्वनीवर देवासची आठवण काढली की ते ऐकून घेत, परंतु त्यांच्या आवाजात ओलावा येई तो ओल्डहॅमचा विषय निघाला म्हणजे. धुराने काळ्या पडलेल्या विटांची एकसारखी घरे, दगडी फरसबंदीचे रस्ते, शुक्रवारी संध्याकाळी कागदात गुंडाळून मिळणारी तळलेली मासळी, आणि उन्हाळ्यात सगळ्या गिरण्या एकदम बंद ठेवून अख्खे गाव समुद्रकाठी ब्लॅकपूलला जाण्याची ती वार्षिक सुटी. या गोष्टी ते अशा सांगत, की जणू ते कोणा तीर्थक्षेत्राचे वर्णन करीत आहेत. एकदा आम्ही किंचित चिडून म्हटले, "दादा, देवासची हवा सोडून तुम्ही त्या धुराची आठवण काढता, हे काही आम्हाला समजत नाही."

ते म्हणाले, "अरे, माझे सोड. माझे रोगी ऐकले असतेस तर काय म्हणाला असतास? कापूस पिंजण्याच्या खात्यात ज्यांचा जन्म गेला त्यांच्या छातीत कापसाची धूळ बसलेली असे. रविवारची सुटी संपून सोमवारी कामावर गेले की छाती आवळून येई, म्हणून त्या दुखण्याला सोमवारचा ताप म्हणत. पुढे पुढे रोजच दम लागे. अशी माणसे माझ्यासमोर खोकत बसत आणि सांगत की, डॉक्टर, ते दिवस फार चांगले होते. मागांच्या खडखडाटात शब्द ऐकू येत नसे, म्हणून विणकर बायका ओठांच्या हालचालींवरून एकमेकींचे बोलणे ओळखीत. पहाटे एक माणूस लांब काठीने खिडक्या वाजवून सगळ्या आळीला उठवी. हे सांगताना त्यांचे डोळे भरून येत. ज्या गिरणीने त्यांचा श्वास नेला तिच्यासाठी ते रडत होते."

हे ऐकून आम्ही निरुत्तर झालो. मँचेस्टरच्या कामकऱ्यांची दैना जगाला ठाऊक नव्हती असे नाही, फ्रेडरिक एंगल्सने 1845 सालीच तिच्यावर ग्रंथ लिहिला होता. आणि तो कापूस तरी आपल्याला कुठे परका आहे? अमेरिकेतील यादवी युद्धामुळे 1861 ते 1865 या काळात लँकशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला, तिकडचे कामकरी उपाशी पडले, आणि त्याच वेळी हिंदी कापसाचे भाव वाढून मुंबईच्या पेढ्यांवर सोन्याचा पाऊस पडला. एकाच धाग्याच्या एका टोकाला भूक व दुसऱ्या टोकाला भरभराट होती. मग त्या काळाची खरी आठवण कोणती? मुंबईच्या शेटजींची की ओल्डहॅमच्या विणकराची? आणि विणकर स्वतःच ती गोड म्हणून सांगत असेल तर तिला खोटे ठरविणारे आम्ही कोण?

येथे आपल्या शास्त्रकारांकडे वळणे उपयोगाचे होईल. पतंजलींनी चित्ताच्या पाच वृत्ती सांगितल्या, त्यांत स्मृती ही एक आहे. म्हणजे प्रमाण, विपर्यय, विकल्प व निद्रा यांच्या पंक्तीला तिला बसविले, त्यांच्या वर नव्हे. नैयायिक तर त्याहून कठोर आहेत. त्यांनी ज्ञानाचे अनुभव व स्मृती असे दोन भाग केले व स्मृतीला प्रमेच्या बाहेर ठेवले. स्मृती केवळ संस्कारापासून उत्पन्न होते, ती नवे काही कळवीत नाही. जो ठसा मनावर उमटला असेल तोच ती पुन्हा दाखविते, जो उमटलाच नाही तो ती कोठून दाखविणार? आम्हाला वाटते की आमच्या प्रश्नाची अर्धी उकल येथेच आहे. गोड आठवण बहुधा खोटे बोलत नाही. टेकडी होती, तलाव होता, मोती घोडाही होता. ओल्डहॅमच्या बायकांचा परस्परांवरचा लोभही खराच होता. धूळ आठवून कुणी रडत नव्हते, धुळीत ज्यांनी एकमेकांना साथ दिली ती माणसे आठवून ते रडत होते. आठवणीचा दोष ती जे सांगते त्यात नसतो. ज्याच्याकडे आपण कधी पाहिलेच नाही, त्याविषयी ती मौन पाळते, आणि ते मौन आपल्याला ऐकू येत नाही, हा तिचा दोष आहे.

याचे उत्तम उदाहरण आमच्या शेजारच्या धारेतच आहे. धारा ही अकराव्या शतकातील भोजराजाची नगरी. त्याच्या पश्चात काही शतकांनी बल्लाळ नावाच्या कवीने 'भोजप्रबंध' लिहिला. त्यात कालिदास, बाण, भवभूती, माघ हे सारे भोजाच्या सभेत एकत्र बसून काव्यविनोद करताना दिसतात. वास्तविक हे कवी निरनिराळ्या शतकांतले, आणि सगळेच भोजाच्या आधीचे. परंतु आठवणीला कालगणना नसते. जे जे सुंदर ते ते तिने एका छताखाली आणून बसविले. याबद्दल बल्लाळावर कुणी रागावत नाही, रागावूही नये. मात्र त्याच धारेत लाट मशिदीपाशी एक प्रचंड लोखंडी स्तंभ तीन तुकडे होऊन पडलेला आहे. तो घडविणाऱ्यांनी हजार वर्षांमागे एवढे लोखंड कसे तापविले, कसे जोडले, याचे नवल आजही जाणकार करतात. लोकपरंपरेने तो भोजाच्या नावावर लावला, त्या लोहारांपैकी एकाचेही नाव कुठे नाही. कवींना सभा मिळाली, आणि जे कवी त्या सभेत नव्हते त्यांनाही मिळाली. घाम गाळणाऱ्यांना ओसरीचा कोपराही मिळाला नाही. आठवणीच्या दरबारातही मानकरी ठरलेले असतात, ते असे.

आता नवरात्राची हकीकत सांगतो. टेकडीवरून उतरून आम्ही आमच्या जुन्या आळीत गेलो. घर पाडून तेथे तीन मजली इमारत झाली आहे. मागचा बोळ मात्र तसाच होता. तेथे उभे असता पंचेचाळीस-पन्नास वर्षांच्या एका बाईंनी विचारपूस केली. त्या जवळच्या शाळेत शिकवितात असे कळले. आम्ही नेहमीच्या सुरात सुरू झालो : येथे आमचे घर होते, त्या वेळचे देवास किती स्वच्छ, आता हे कारखाने, ही गर्दी, हा धुरळा. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले व माळवी वळणाच्या हिंदीत ज्या अर्थाचे उत्तर दिले ते असे : "बाबूजी, आपले घर मला ठाऊक आहे. याच बोळातून माझी दादी येत असे. गाव स्वच्छ होते ते तिच्या टोपलीमुळे."

क्षणभर आम्हाला काही बोलता आले नाही. कारण त्याच क्षणी आठवण आली, आणि ती आजवर कधीच आली नव्हती. मागच्या दाराशी, भिंतीतल्या लहानशा झडपेतून, एक बाई रोज सकाळी टोपलीच्या संडासातील मैला काढून डोक्यावरून नेत असे. ती दिसली की आई आम्हाला आत ओढी. सणाच्या दुसऱ्या दिवशी तिला वरून, हात लागणार नाही अशा बेताने, उरलेसुरले घातले जाई. तिला पाणी हवे असेल तर तेही उंचावरून ओंजळीत. दहा-बारा वर्षे ती आमच्या घरी येत होती. घोड्याचे नाव आम्हाला साठ वर्षे पाठ होते. त्या बाईचे नाव आम्ही कधी विचारलेही नव्हते.

आम्ही एवढेच म्हणू शकलो, "तुमच्या दादीला ते दिवस कसे वाटत?"

"ती त्या दिवसांविषयी बोलत नसे," त्या म्हणाल्या. "ती बोले ते टोपली टाकली त्या दिवसाविषयी. इकडे कारखाने आले, माझ्या आईला कातडी वस्तू शिवण्याच्या कामावर घेतले. पहिला पगार हातात पडला त्या संध्याकाळी आईने तिला सांगितले की, उद्यापासून तू जायचे नाहीस. आपल्याला या धुराड्यांचा त्रास होतो हे खरे. माझ्या घरात मात्र त्यांच्यामुळेच चूल पेटली."

वाचकहो, आमच्या दृष्टीने देवासचा ऱ्हास जेथे सुरू झाला, तेथेच एका घराचा उदय झाला होता. 1970 च्या दशकात गावाबाहेर औद्योगिक वसाहत वाढली, 1974 च्या सुमारास सरकारी नोटांचा छापखाना आला, यंत्रांचे, औषधांचे, कातड्याचे कारखाने आले, आणि आम्ही दुरून हळहळलो की आमचे गाव गेले. त्या हळहळीत ढोंग नव्हते. परंतु आमचे गाव व त्या दादीचे गाव ही एकाच जागी वसलेली दोन गावे होती, जशी थोरली पाती आणि धाकटी पाती. तिच्या पातीच्या दप्तरात मात्र कुणी कारकून नव्हता. मैला वाहण्याची ही प्रथा 1993 च्या व पुन्हा 2013 च्या कायद्याने निषिद्ध झाली. ती प्रत्यक्षात मोडावी म्हणून देवासात काम करणाऱ्या 'जन साहस' या संस्थेने जी चळवळ चालविली तिच्यात अनेक स्त्रियांनी आपल्या टोपल्या जाळल्या. आमच्या आठवणीतील स्वच्छ, सोज्ज्वळ देवासात त्या टोपलीला जागाच नव्हती. मग जाळले जाण्याइतके तिचे अस्तित्व आम्हाला कसे दिसावे?

येथे कुणी म्हणेल की मग जुने ते सारे टाकाऊ, व कारखाने हेच कल्याण, असे तुमचे म्हणणे झाले. तसे ते नाही. प्रगतीची फुशारकी हीसुद्धा एका डोळ्याने पाहिलेली आठवणच असते, फक्त तिचे तोंड पुढच्या दिशेला असते. ज्या माळव्याचा लौकिक पावलोपावली पाणी असलेली भूमी असा होता, त्या माळव्यातील देवासला 1990 च्या उन्हाळ्यात इंदुराहून आगगाडीने पिण्याचे पाणी आणावे लागले. जुने तलाव उपेक्षेने नाहीसे होऊ दिले व जमिनीला नळकूपांची भोके पाडीत गेलो, त्याचे हे फळ, असे अनुपम मिश्र यांनी 'आज भी खरे हैं तालाब' या 1993 सालच्या पुस्तकात दाखवून दिले आहे. ज्या गावाच्या हवेने एका गायकाचे फुप्फुस सावरले, त्याच गावाचा घसा त्याच्या डोळ्यांदेखत कोरडा पडला. धार जिल्ह्यात पीथमपूरला 1980 च्या दशकात मोठी उद्योगनगरी उभी राहिली, हजारो कुटुंबांना भाकरी मिळाली. आणि भोपाळच्या 1984 च्या वायुदुर्घटनेनंतर तेथील कारखान्यात पडून राहिलेला तीनशेहून अधिक टन विषारी कचरा 2025 साली जाळण्यासाठी आणला गेला तोही त्याच पीथमपूरला. चाळीस वर्षांनंतरही एका गावाची राख दुसऱ्या गावाच्या दारात गेली, आणि तेथील लोक भयाने रस्त्यावर आले. इंदूरची हुकुमचंद मिल 1991 साली बंद पडली, तिच्या कामगारांना त्यांचे घेणे हाती पडावयास 2023 चा डिसेंबर उजाडावा लागला. दरम्यान कित्येक जण वाट पाहत निवर्तले. तेव्हा, कारखाना म्हणजे मुक्ती हेही पूर्ण सत्य नव्हे. त्या शिक्षिका बाईंनीही तसे म्हटले नव्हते. धुराड्यांचा त्रास होतो हे त्यांनी आधी सांगितले व मग चुलीविषयी सांगितले. दोन्ही गोष्टी एका श्वासात सांगण्याचे जे धैर्य त्यांच्यात होते ते आमच्यात नव्हते.

मग आठवण सोडून द्यावी काय? गीतेच्या दुसऱ्या अध्यायात स्मृतिभ्रंशातून बुद्धिनाश होतो असे म्हटले आहे. तो अर्थ आत्मविस्मृतीचा आहे हे खरे, तथापि व्यवहारातही तो लागू पडतो. ज्याला मागचे काहीच स्मरत नाही तो कुणाचेच देणे लागत नाही, आणि जो कुणाचे देणे लागत नाही तो माणूस म्हणून फार दरिद्री होय. देव, ऋषी व पितर यांची ऋणे आपल्या पूर्वजांनी माणसाच्या जन्माबरोबरच मानली ती याच जाणिवेने. म्हणून प्रश्न आठवण ठेवावी की नाही हा नाही, तो ती कोणत्या प्रकारे ठेवावी हा आहे.

नैयायिकांनी स्मृतीहून भिन्न असे आणखी एक ज्ञान सांगितले आहे, ते म्हणजे प्रत्यभिज्ञा. पूर्वी पाहिलेला देवदत्त पुन्हा समोर आला असता "हाच तो" असे जे ओळखणे, त्यात जुना संस्कार व आजचे प्रत्यक्ष दर्शन ही दोन्ही एकत्र असतात. आमच्या मते गावाविषयीच्या प्रेमाचीही हीच कसोटी आहे. निव्वळ स्मृती घरात आरामखुर्चीवर बसून करता येते, तिला कुणी उलट उत्तर देत नाही. प्रत्यभिज्ञेसाठी त्या जागी जाऊन उभे राहावे लागते, आणि समोरचे माणूस जे सांगेल ते ऐकावे लागते. ज्या आठवणीला दुसऱ्याच्या आठवणीची भीती वाटते तो मोह. जी आठवण दुसऱ्याच्या आठवणीला जागा करून देते, तिच्याने दुखावली तरी तिला बाहेर घालवीत नाही, ती ऋणाची जाणीव.

या मासिकाच्या वाचकांना हा भेद समजावून सांगण्याची वास्तविक गरज नाही. त्यांच्या पूर्वजांनी तो आचरून दाखविला आहे. सोळाव्या शतकात गोव्यात देवळांवर संकट आले तेव्हा कुशस्थळीचा मंगेश प्रियोळला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला व वेर्ण्याची म्हाळसा मार्दोळला नेली गेली. रात्रीतून नदी ओलांडून जाणाऱ्या त्या माणसांनी घरे, बागा, शेते मागे टाकली. त्यांनाही आपल्या अंगणाची आठवण येतच असली पाहिजे. तरी त्यांनी बरोबर काय घेतले? ज्याची रोज सेवा करावी लागते ते. पेटविला नाही तर विझणारा दिवा. नुसत्या हळहळीने ती दैवते नव्या जागी साडेचारशे वर्षे टिकली नसती. ती टिकली रोजच्या पूजेने, पालखीने, पडेल ते काम करणाऱ्या हातांनी. त्या हातांत कुणाकुणाचे हात होते, नाव कुणी हाकली, देवळाबाहेर कोण उभे राहिले, हेही आपण विचारावे असे आम्ही नम्रपणे सुचवितो. कोंकणीत आठवणीला 'उगडास' असा शब्द आहे. व्युत्पत्तीचा दावा आम्ही करीत नाही, परंतु त्यात आम्हाला उघडण्याचा ध्वनी ऐकू येतो. आठवण म्हणजे मिटून ठेवलेली पेटी नव्हे, ते उघडलेले दार आहे, आणि त्या दारातून आपल्याला न आवडणारा पाहुणाही येऊ शकतो.

आठवण कृतीत उतरली म्हणजे तिचे काय होते याची दोन उदाहरणे त्याच मुलखातून देतो. पाण्यासाठी आगगाडीची वाट पाहिलेल्या देवास जिल्ह्यात 2006 पासून तत्कालीन जिल्हाधिकारी उमाकांत उमराव यांच्या पुढाकाराने शेतकऱ्यांनी आपापल्या जमिनीत हजारो तळी खोदली. बुजलेल्या तलावांसाठी रडत बसणे सोपे होते, त्यांनी कुदळ उचलली. दुसरे उदाहरण इंदूरचे. तेथील गिरण्यांचे कामगार अनंतचतुर्दशीला गणपतीपुढे झळाळते देखावे रात्रभर मिरवीत. गिरण्या बंद पडल्या, भोंगे थांबले, पगार बुडाले, तरी ती मिरवणूक त्या माणसांनी वर्गणी जमवून चालू ठेवली. त्यांनी गिरणीच्या मालकाची तसबीर जपली नाही आणि धुळीचेही गोडवे गायिले नाहीत. एकमेकांच्या साथीने देवापुढे जे उभे केले होते तेवढे त्यांनी पुढे नेले. ओल्डहॅमचे ते खोकणारे म्हातारे जे शोधीत होते ते हेच असावे, असे आता आम्हाला वाटते. दादांना आम्ही तसे कळविले. ते बराच वेळ गप्प राहून म्हणाले, "अरे, मी त्यांना औषध दिले. कामावर त्यांच्या शेजारी कोण उभे असे, हे विचारायचे राहून गेले."

निरोप घेताना आम्ही त्या शिक्षिका बाईंना त्यांच्या दादीचे नाव विचारले. त्यांनी आमच्याकडे जरा रोखून पाहिले. एवढ्या वर्षांनी ते विचारण्याचा आम्हाला काय अधिकार, असे त्यांच्या मनात आले असेल तर ते योग्यच होते. मग त्यांनी ते सांगितले. ते नाव आम्ही येथे छापीत नाही, ते त्यांचे आहे. आमच्या घरी कुळाचाराची एक जुनी वही आहे. तिच्यात पिढ्यान्‌पिढ्यांची नावे व श्राद्धतिथी लिहिलेल्या आहेत. त्या वहीत ते आम्ही लिहिले.

तर्पणाच्या विधीत आपल्या पितरांनंतर जे आपले कुणी नव्हते, ज्यांना कुणी नाही, अशांसाठीही ओंजळभर पाणी सोडण्याची चाल आहे. येत्या सर्वपित्रीला ते पाणी सोडताना ते नाव उच्चारावे असा आमचा संकल्प आहे. ज्या बाईला आमच्या घराने जिवंतपणी पाणी दिले ते उंचावरून, तिला मागाहून दिलेल्या ओंजळीने ते फिटेल असे आम्ही मानीत नाही. फिटते ते ऋण मुळात लहान असावे लागते. परंतु देणे लागतो हे वहीत लिहिलेले असले म्हणजे निदान पुढच्या पिढीला ते नाकारता येत नाही. देवासची टेकडी आम्हाला अजूनही तितकीच प्रिय आहे. फक्त तिची आठवण काढताना आता आम्ही मागच्या बोळातून वर चढू लागलो आहो.